रिकाम्या पिंजऱ्यातली पिसोरी

आमच्या क्वार्टरात काही लपवायचं म्हटलं तर जागाच नव्हती. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी. भिंती अशा, की शेजारच्या पिल्लेबाईंनी मिरची फोडणीला टाकली की खोकला आम्हाला यायचा, आणि आमच्याकडं माय-बाबांचं बोलणं चढलं की पिल्लेबाई कढीपत्ता मागायच्या निमित्तानं दारात हजर. पोलादाचा कारखाना तेव्हा रोज थोडा थोडा वाढत होता आणि त्याची तांबडी धूळ आमच्या भातावर, पापडांवर, दोरीवरच्या लुगड्यांवर येऊन बसायची. पाळीचा भोंगा वाजला की माय हातातलं टाकून आधी अंघोळीचं पाणी चढवायची, कारण बाबा कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर होते आणि घरी यायचे ते फक्त दातांवरून ओळखू यायचे. तांदूळ साकोलीकडच्या आमच्या गावाहून यायचा, लाखोळीची डाळही तिकडचीच. इथल्या दुकानातला तांदूळ मायनं एकदाच आणला, शिजवला, आणि "याले भात म्हणत असन तर म्हणा बापा" म्हणून तो पिल्लेबाईंच्या कोंबड्यांना घातला.

अशा चहूबाजूंनी उघड्या घरात मायनं एक गोष्ट मात्र लपवून ठेवली होती, ती म्हणजे सुमनताईची मान. ताईच्या डाव्या कानाखाली डाळीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका मायला वेणी घालताना दिसला, तेव्हा मी इतकी लहान होते की मला तो ठिपका तिच्याबरोबरच जन्मलेला वाटायचा. मग तो पैशाएवढा झाला, मग मानेवरून गळ्याकडं उतरला. बावचीचं बी वाटून लावलं, दूध आणि मासे एका दिवशी वर्ज्य झाले, रायपूरच्या वैद्यानं काळी पुडी दिली. त्या पुडीनं ताईला उलट्या झाल्या, डाग होता तसाच राहिला. शेवटी मायनं औषधं सोडली आणि पदर धरला. उन्हाळा असो की हिवाळा, ताईचा पदर डाव्या खांद्यावरून कानापर्यंत ओढून पिनेनं टाचलेला. शाळा मॅट्रिकच्या आधीच सुटली. नळावर बायका बोलता बोलता हळूच मानेकडं बघायच्या, म्हणून पाणी भरायचं काम माझ्याकडं आलं. मी त्यावरून ताईशी भांडायचे, कारण मला कारण कळतच नव्हतं.

कळलं ते यमुनामावशीमुळं. ती मायची चुलतबहीण. तिचा डाग पाठीवर होता आणि घरच्यांनी तो झाकून लग्न लावलं. लग्न पार पडलं, पण महिना व्हायच्या आत सासरच्यांनी तिला बैलगाडीत बसवून माहेरी आणून सोडलं, आणि मावशीचं पुढचं सगळं आयुष्य भावाच्या घरी धान निवडण्यात गेलं. ही गोष्ट आमच्या घरात दोघी जणी सांगायच्या आणि दोघी तिच्यातून वेगवेगळं काढायच्या. माय म्हणायची, "तिले झाकता नाई आलं. धा-पंधरा वर्षं झाकलं असतं, लेकरं झाली असती, मंग कोण काढते घराबाहेर? झाकली मूठ सव्वा लाखाची." ताई म्हणायची, "माय, मले नाई जमत. रोज सकाळी उठून भेव वाटन, आज दिसलं तर, आज दिसलं तर." माय म्हणायची, "मंग बस जल्मभर इथी." आणि ताई म्हणायची, "बसतो."

आता माझी नात डॉक्टरकीला आहे. ती म्हणते, आजी, तो रोग लागणारा नाही, दुखत नाही, त्यानं माणूस मरत नाही. मी तिला म्हटलं, बाई गं, त्यानं कोणी मरत नव्हतं हे आम्हालाही माहीत होतं.

ताईनं बसायला जागा शोधून काढली ती जनावरांच्या बागेत. पुढं जी मोठी बाग झाली ती ही नव्हे. ही आधीची, लहानशी, आमराईला तारेचं कुंपण घालून केलेली. एक अस्वल, चितळांचा कळप, मोर, दगडी गुहेत पाठ फिरवून पडलेला एक बिबट्या. रविवारी तिथं जत्रा भरायची. बंगाली, तेलुगू, पंजाबी, कारखान्यावरच्या रशियन साहेबांच्या गोऱ्या बाया टोप्या घालून, सगळे अस्वलापुढं. पण अगदी टोकाला, तळ्याच्या बाजूला, एक लांबरुंद तारेचं आवार होतं. आत दाट झुडपं, उंबराचं एक झाड, वाळका पाला आणि दोन-तीन धोंडे. पाटीवर लिहिलं होतं, पिसोरी. माणसं यायची, तारेला नाक लावायची, "खाली है" म्हणायची आणि निघून जायची. एक सरदारजी मुलांना सांगत होते की जनावर पेन्शन घेऊन गावी गेलं आहे, पाटी तेवढी राहिली. कोणी थांबत नसे, म्हणूनच ताई तिथं बसत असे. आणि एकट्या पोरीला कोण पाठवणार, म्हणून मी.

मला तिथं जीव नकोसा व्हायचा. माझं तोंड बंद राहत नव्हतं, आजही राहत नाही. मुर्रा-फुटाण्याची पुडी संपली की मी चुळबुळ करायचे, खडे मारायचे, अस्वलाकडं चल म्हणून मागं लागायचे. तारेजवळ उंबरं टाकायला येणारा राखणदार छत्तीसगढीत म्हणायचा, "बेरा बुड़ही तब निकलही, नोनी," दिवस बुडेल तेव्हा निघेल. मला वाटायचं, हाही सरदारजीसारखी थट्टाच करतो.

एका रविवारी मला ताप येऊन गेलेला होता आणि अंगात बडबडायचं त्राण नव्हतं. मी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी पडले होते, आणि डोळे तारेच्या खालच्या फटीतून आत लागले होते. ऊन आमराईतून तिरपं येऊन पाल्यावर सांडलं होतं, ठिपक्याठिपक्यांनी. त्या पाल्यातलं एक पान हललं. वारा नव्हता. मग ते पान पुन्हा हललं आणि मला कळलं की ते पान नाही, कान आहे. कानामागं डोळा होता, मोठा, ओला, काळा, आणि तो मघापासून माझ्याकडंच बघत होता. मी उठले नाही. उठावंसं वाटलंच नाही. हळूहळू त्या पाल्यातून अख्खं हरीण तयार झालं. सशाएवढं, पण ससा नव्हे. खरं हरीण, कोणीतरी फुरसतीनं अगदी लहान करून घडवलेलं. पाय माझ्या पाटीवरच्या पेन्सिलीएवढे. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, गळ्याखाली पांढरे पट्टे, आणि ऊन कुठं संपतं आणि ते कुठं सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. त्यानं एक पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. मी श्वास धरला. मग त्यानं तो पाय खाली ठेवला, इतका हळू की वाळलेल्या पानाचा आवाज झाला नाही, एक उंबर उचललं आणि चघळत उभं राहिलं.

मला रडू आलं. का ते आजही नीट सांगता यायचं नाही. इतके रविवार मी तिथं बसून कंटाळले, आणि ते सगळे रविवार ती तिथंच होती, माझ्या हाताच्या अंतरावर. ताईनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि अगदी हळू म्हणाली, "दिसली ना? आता तुले नेहमी दिसन." आणि खरंच तसं झालं. एकदा बघायचं कसं ते कळलं की पिसोरी दर खेपेला कुठं ना कुठं सापडायचीच. परवा मुलानं मला मोठ्या बागेत नेलं, तर माणसं पिंजऱ्याकडं पाठ करून मोबाइलमध्ये स्वतःलाच बघत होती. मी तोंड उघडणार होते, मुलानं माझा हात दाबला.

त्याच हिवाळ्यात ताईला स्थळ आलं. आणलं दुर्गच्या वत्सलाकाकूंनी. त्यांचं घराणं दुर्गात पिढ्यान्पिढ्यांचं, बोलणं पुस्तकासारखं, आणि मध्यस्थी हा त्यांचा जीव की प्राण. मुलगा मनोहर, मूळचे तुमसरकडचे, आमच्यातलेच. रोलिंग मिलमध्ये लागलेला, विधवा आईबरोबर कुम्हारीला राहायचा. वडिलांच्या जागी मामा. डागाचं काकूंना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. त्यांनी विचारलं नाही, मायनं सांगितलं नाही.

बघायचा कार्यक्रम बागेत करायचा ही कल्पना मायची, आणि तिची मला आजही कमाल वाटते. क्वार्टरात झाला असता तर चार बायका जवळ येऊन बसणार, वर विजेचा दिवा, कोणी हनुवटी धरून तोंड वर करणार. बागेत झाडांची सावली, दिवस उतरलेला, माणसं जरा अंतरानं. काकूंना मायनं सांगितलं, "घर लहान हाय आमचं, पाहुण्यायले मोकळं वाटन." काकू म्हणाल्या, "फारच आधुनिक विचार तुमचे." माय खाली बघून गोड हसली. मग आठवडाभर घरात तालीम. ताईनं चालायचं कसं, वळायचं कसं, बसताना डावी बाजू झाडाकडं कशी ठेवायची. पावडर वेगळी आणली, डबा भरून पातोड्या तळल्या, पिल्लेबाईंचा थर्मास मागितला. बाबा सगळं बघत होते. एकदाच म्हणाले, "कोंबडं झाकलं म्हून दिवस निंघाचा राह्यते का वो?" माय म्हणाली, "तुमी तुमच्या भट्टीचं पाहा."

मंडळी आली. मुलाची आई सडपातळ, करकरीत नऊवारीत, नजर चाकूसारखी. मामा अंगानं मोठे, त्याहून मोठं त्यांचं पागोटं. मुलगा उंच आणि अवघडलेला. हात कुठं ठेवावेत ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आमराईत सतरंजी टाकली. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळे प्रश्न झाले. मामा म्हणाले, "जरा चालून दाखव, बाई." ताई चालली, तालमीत ठरल्याप्रमाणे वळली, डावी बाजू झाडाकडं करून बसली. मुलाची आई वत्सलाकाकूंच्या कानात पुटपुटली, "पोरगी साजरी हाय." मायच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न पाहिलेली कळा आली. तिनं पातोड्यांचा डबा पुढं ओढला. इथवर आलं होतं सगळं.

पण मामांना खाण्याआधी वाघ बघायचा होता. "बागेत आणलं तं जनावर दाखवा ना." मग सगळी वरात पिंजऱ्यांपुढून निघाली. अस्वल झोपलेलं, बिबट्या गुहेत, शेपटीचं टोक तेवढं बाहेर. फिरत फिरत टोकाच्या आवाराशी आलो आणि मामांनी जाहीर केलं, "हे तं खालीच हाय." मी म्हटलं, "खाली नाई, आत पिसोरी हाय. ताईले दिसते." मायनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की चार दिवस निळं होतं. पण मुलानं त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. तो ताईला विचारत होता, "खरंच हाय आत?"

ताई म्हणाली, "हाय. पण बसा लागते. अन् बोलाचं नाई."

आणि सगळे बसले. मला आजही नवल वाटतं, की मामासुद्धा गवतात मांडी घालून बसले, वत्सलाकाकू इस्त्रीच्या पातळासकट बसल्या, बाबा मामांच्या मागं बसले, माय डबा पोटाशी धरून बसली. दिवस तळ्याच्या पलीकडं टेकला होता. लांबून कारखान्याचा आवाज येत होता, गिरणीसारखा, सतत. मग तोही ऐकू येईनासा झाला. पाल्यात काहीतरी झालं. ताईनं बोटही न उचलता नुसत्या नजरेनं दाखवलं. उंबराच्या बुंध्याशी ती उभी होती, एक पाय वर धरून. एकेकाची मान हलली, मुलाचीही. मुलाच्या आईनं तोंडावर हात ठेवला. "अगं माय," ती कुजबुजली, "कोणी केलं असन हे एवढंसं?" तिच्या चेहऱ्यावरची ती चाकूची धार कुठं गेली होती कोण जाणे.

मामांना दिसेना. त्यांनी मान इकडं केली, तिकडं केली. "कुठी हाय? मले तं नुसता पाला दिसून राहिला." ताई हळू म्हणाली, "मामाजी, आख्खी शोधू नका. तिच्या गळ्यावरचं पांढरं तेवढं पाहा. ते सापडलं की बाकी सारी दिसते."

"कसं पांढरं?"

ताईनं हात वर नेला, पिन काढली आणि पदर मानेवरून खाली सोडला. "असं," ती म्हणाली. "असंच मलेही हाय. पाहून घ्या."

ताई पिसोरीकडं बघत राहिली, मान सरळ ठेवून, आणि उतरत्या उन्हात तिचा गळा आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा नीट पाहिला. पिसोरीही उभी होती. त्या दोघी तशा समोरासमोर किती वेळ होत्या ते मला सांगता येणार नाही, पण एवढी मोठी शांतता मी पुन्हा कुठल्या देवळातही अनुभवली नाही. मग मामा खोकले आणि बुंध्याशी नुसता पाला राहिला.

मुलाच्या आईनं विचारलं, "वाढते का हे?"

"वाढते," ताई म्हणाली.

"बरं," म्हणून ती बाई उठली. लुगड्यावरचं गवत झटकलं. "चला, बस चुकन आपली." पातोड्यांचा डबा उघडलाच गेला नाही.

घरी येऊन मायनं आधी दार लावलं आणि मग ती बोलली. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी मुंगीवाणी एकेक दाणा जमवला आणि या पोरीनं लाथ मारली. आता मले नको सांगू कोणी काही." ताई भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. बाबांनी कोट खुंटीला अडकवला, पाटावर बसले आणि मायला म्हणाले, "मले तं त्या मामाच्या पागोट्यापायी काहीच दिसलं नाई. तुले दिसली का ती पिसोरी?"

माय थांबली. तिचा हात तसाच हवेत. "दिसली," ती म्हणाली. मग खाली बसली आणि डोळ्याला पदर लावला. "एवढीशी हाय वो. एवढीशी हाय, अन् कशी उभी राह्यली होती सगळ्यायपुढं."

त्या संध्याकाळी आम्ही पातोड्या खाल्ल्या, चौघांनीही. ताईला मायनं स्वतः वाढल्या.

निरोप आठवड्याच्या आतच आला. वत्सलाकाकू पायरीवरूनच बोलल्या, आत आल्या नाहीत. "त्यांचं म्हणणं, सध्या मुलाचं करायचं नाही." माय "बरं" म्हणाली आणि कुकवाचा करंडा आणून काकूंना कुंकू लावलं. मला वाटलं होतं घरात पुन्हा पदराचं सुरू होईल, पण माय त्यावर काहीच बोलली नाही. रविवारी ताई बागेत निघाली ती मान उघडी ठेवून. रस्त्यात माणसं वळून बघत होती. मी त्यांच्याकडं डोळे वटारत चालले होते. ताई कोणाकडंच बघत नव्हती.

आम्ही बसून थोडा वेळ झाला असेल, तोच मागं सायकल वाजली. मनोहर होता. घामाघूम, कुम्हारीहून सायकल मारत आलेला, पँटीच्या पायाला चिमटा लावलेला. सायकल झाडाला टेकवायला गेला तर ती पडली. उचलली, पुन्हा पडली. शेवटी तशीच पडू दिली.

"मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी सगळ्यायनं मान हलवली म्हून मीबी हलवली. मले दिसली नाई ती."

ताई म्हणाली, "तुमच्याकडून नकार आला हाय."

"तो मायनं देल्ला. मले कोणी इचारलंच नाई."

ताई घाबरली होती. यमुनामावशी, मायची तालीम, बैलगाडी, सगळं तिच्या डोळ्यांत होतं. मग तिनं जे विचारायचं ते सरळ विचारलं. "हे इथवर राहणार नाई. तोंडावर येईन. हातायले येईन. उद्या मी सारीच्या सारी पांढरी होईन. मंग काय करान?"

मनोहर गवतात बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तारेच्या आत डोळे ताणून बघायला लागला, मनापासून, आणि त्याला काही म्हणता काही दिसत नव्हतं.

"मंग तं बरंच हाय," तो म्हणाला. "माह्यासारख्या आंधळ्याले तुमी लवकर सापडान."

ताई हसली. त्या जागी इतके रविवार मला गप्प बसवणारी माझी बहीण खळखळून हसली, मागची चितळं कान टवकारून उभी राहिली, आणि त्या दिवशी पिसोरी काही बाहेर आली नाही.